भरवशाचा नंबर

"राजीनामा तू लिहून दे, नाई तं मी अहवाल पाठवतो," हरिदास म्हणाला.

मोहसीननं रूटरच्या कपाटाचं दार लावलं. "नंबर मी बदलवलाच नाई भाऊ. मंग राजीनामा काऊन लिहू?"

भामरागडकडच्या गावांचं नेटवर्क आलापल्लीच्या या खोलीतून चालायचं. तिकडं जायला दोन वाटा. एक जमिनीखालची फायबर, दुसरी टॉवरवरून टॉवरवर जाणारी रेडिओची. दोघींचे प्रोटोकॉल, म्हणजे बोलायचे नियम, वेगळे, पण रूटरला सांगणं एकच: मी चालू आहे, माझ्याकडून पाठव. कोणाचं ऐकायचं ते नंबरावर ठरे. ज्याचा नंबर लहान, त्याच्यावर भरवसा जास्त. फायबरचा एकशे दहा, रेडिओचा एकशे वीस. फायबर असेपर्यंत रेडिओला कोणी विचारायचं नाही.

कोणीतरी रेडिओचा नंबर नव्वद करून ठेवला होता.

पावसात जंगल भिजलं की रेडिओची वाट अर्धमेली होते. 'मी चालू आहे' एवढा लहान निरोप तेवढा पोचवते. आवाज, चित्र वाटेतच गळतं. रूटरला काय कळणार? तो नव्वदवर विसंबला. धडधाकट फायबर रिकामी पडून राहिली. पावसाळ्यात कॉल तुटतोच, असं धरून कोणी तक्रारही केली नाही.

जुलैत नदीपलीकडच्या आरोग्य केंद्रात नर्सलाच मलेरिया झाला. ताप डोक्यात चढला. पुलावरून पाणी. सोबतच्या बाईनं जिल्ह्याच्या डॉक्टरला सतरा वेळा व्हिडिओ कॉल लावला. औषध कपाटात होतं. किती द्यायचं ते सांगणारा आवाज पोचला नाही.

नर्स म्हणजे रुखमा, हरिदासची बायको. रोज संध्याकाळी ती केंद्राच्या नेटवरून त्याला फोन करायची. "बाजूच्या खोलीतूनच बोलून राह्यले वाटते," म्हणून हसायची. ती गेल्यापासून महिनाभर संध्याकाळ झाली की हरिदासला घरात बसवत नव्हतं.

"वही दाखव," तो म्हणाला. नंबर बदलला की वहीत लिहायचं, हा नियम त्यानंच घातला होता.

"दहा खेपा पाह्यली तुम्ही. कोणीच लिहिलं नाई." मोहसीन खुर्चीत बसला. "माह्या पोरीचं बारसं रुखमाबाईनं केलं, भाऊ. मी चोर असतो तं तुमच्या डोळ्यात पाहून बोललो असतो का?"

हरिदास खिडकीपाशी गेला, परत आला. खिशातला अहवाल चाचपला. सही तेवढी राहिली होती.

"दर बदलाची नक्कल मशीन आपोआप ठेवते," मोहसीन म्हणाला. "जुन्या फायली उघडू. माहं नाव निघालं तं मीच सही करतो."

त्यानं एकेक फाईल उघडली. यंदाच्या मार्चमध्ये नव्वद. गेल्या दिवाळीत नव्वद. त्याच्या आदल्या वर्षीही नव्वद. हरिदास मागं उभा राहून पाय बदलत होता.

"हे पाहा. मी रुजू व्हायच्या आधीपासून हायेच."

हरिदासनं अहवाल फाडला. "म्हणजे प्रफुल. तुह्या आधी तोच होता इथी." प्रफुल आता पोंभुर्ण्याला होता. हरिदासनं लगेच फोन लावला. "तो कामचुकार होताच. त्याले सोडत नाई मी."

"थांबा ना जरा. अजून एक फाईल हाये."

"तू उघड. मी बोलतो त्याच्याशी."

फोन वाजत राहिला. मोहसीननं फाईल उघडली. तीन वर्षांपूर्वीची. एकशे वीस खोडून नव्वद केल्याची पहिली नोंद. स्क्रीन हळूच झाकायला त्याचा हात उठला, पण हरिदास वाकून वाचायला लागला होता.

"बोला हरिदासभाऊ," पलीकडून प्रफुल म्हणाला. "लई दिसांनी आठवण काढली."

नोंदीपुढं बदल करणाऱ्यानं टिपण लिहिलं होतं: 'फायबर सारखी तुटते-जुळते, कॉल मधेच पडतो. रुखमाचा फोन लागावा म्हणून. फक्त दोन दिवस. – हरिदास.'