रसिकाचा भूतकाळ

शिरोड्याला होमस्टे चालवणाऱ्या रसिकाला लंडनच्या एका जुन्या पाहुणीने मेल करून विचारलं, नवरा कसा आहे? बाई गेल्या वर्षी येऊन गेल्या, म्हणजे भूतकाळच लागणार, असा विचार करून रसिकाने ऐटीत लिहिलं, ‘माय हजबंड वॉज अ व्हेरी गुड कुक.’

तासाभरात उत्तर आलं. बाई खूप रडल्या होत्या, मेणबत्ती लावली होती, आणि सांत्वनाला आठ माणसं घेऊन येणार होत्या. दिवाळीपासून रिकाम्या पडलेल्या चारही खोल्या आठवडाभरासाठी बुक!

“अगो, माका जितोच मारलंस!” नवरा, बाबू, ओरडला. “आधी चूक कळय तेंका!”

रसिका घाबरून लिहायला बसली. बाबूने बुकिंग पुन्हा एकदा वाचलं.

“थांब गो. ती माणसा इली, की मगे मी जितो होतंय.”