मागचं झाकण

आईने लेकीच्या कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं ते केवळ धूळ पुसायला. आतलं रीळ भर उजेडात चमकलं आणि तिने झाकण झटकन लावलं. उजेड लागला की रिळातले फोटो जातात, हे तिला ठाऊक होतं. बाबा गेले त्याआधीच्या महिन्यातले त्यांचे सगळे फोटो त्याच रिळात होते.

दोन दिवस तिने कॅमेरा लेकीच्या नजरेआड ठेवला. तिसऱ्या दिवशी, लेक कामावर जाताच, कॅमेरा पिशवीत घालून तिने फोटो स्टुडिओ गाठला.

"काकू, हा नवशिक्यांसाठीच बनवलाय," स्टुडिओवाला कॅमेरा उलटसुलट करून म्हणाला. "फोकस याचा हाच करतो. आणि कुणीतरी मध्येच झाकण उघडणार, हेही बनवणाऱ्याने धरलंय!"

"म्हणजे हो?"

"नवं रीळ घातलं की हा आधी ते सगळं त्याच्या बंद डबीतून बाहेर ओढून घेतो. मग फोटो निघेल तसा एकेक परत डबीत. काढलेले सगळे आत अंधारात सुखरूप आहेत. काढायचे राहिलेले दहा-बारा तेवढे गेले."

आई बाकावर बसली. डोळे पुसता पुसता तिला हसूच फुटलं.

"काय झालं, काकू?"

"अहो, ते माझे होते. लेक रोज म्हणायची, 'आई, आता उरलेले तुझे.' आणि मी रोज म्हणायचे, 'उद्या काढ गं, आज केस विंचरले नाहीत.'"

तिने पदर सारखा केला.

"भरा बरं नवं रीळ. आज विंचरलेत."