खुनी पोस्टमास्तर

अख्ख्या सोसायटीने चघळून चोथा केलेली ती रहस्यकादंबरी आठ महिन्यांनी वाचनालयातून कुमुदबाईंच्या हाती आली, तेव्हा त्यांना अक्षर दिसेनासं झालं होतं. "मी वाचून दाखवते की," सून गौतमी म्हणाली. बारा वर्षांत ती सासूशी इतकं गोड कधी बोलली नव्हती.

पंधरा दिवस रोज दुपारी ती आवाज बदलबदलून वाचत राहिली. शेवटी खुनी निघाला पोस्टमास्तर. कुमुदबाई खूश झाल्या. आता भजनी मंडळात त्यांनाही चार शब्द बोलता येणार होते.

मंगळवारी मंडळ त्यांच्याच घरी जमलं. "मला पोस्टमास्तरचा संशय पहिल्यापासून होता," त्या ऐटीत म्हणाल्या.

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. शेजारच्या नलूताई हळूच म्हणाल्या, "काकू, खून तर डॉक्टरीणबाई करते."

"छे, गौतमीनेच वाचून दाखवलं परवा."

"मी डॉक्टरीणच वाचलं होतं, आई." चहा देता देता गौतमीने बायकांकडे पाहून आवाज उतरवला. "बघितलंत ना? हल्ली हे रोजचंच झालंय. मी सांगते तर आईंना पटत नाही."

वृद्धाश्रमाच्या अर्जावर दोन शेजाऱ्यांच्या सह्या लागत होत्या. अर्ज टीपॉयवर तयारच होता. नलूताईंनी डोळे पुसले आणि पेन मागितलं.

कुमुदबाईंनी सुनेची ओढणी धरली. "पोस्टमास्तरच होता ना गं?" त्यांनी घाबरून विचारलं. आता त्यांचं त्यांनाच खात्रीने आठवेना.