थेट दाराशी

"तुमच्या साहेबांना आमचा नमस्कार सांगा हं," खिडकीमागचा अधिकारी हसून म्हणाला. "काय डोकं लढवलंय त्यांनी! पूर्वी आम्ही अख्खी गल्ली उठवायचो, तेव्हा कुठे एक माणूस हाती लागायचा. आता थेट त्याच्याच दाराशी. घर म्हणून चुकत नाही."

ताई एका रंगाऱ्याला सोडवायला कचेरीत आल्या होत्या. भल्या पहाटे त्याला अंथरुणातून उचलून आणलं होतं. गुन्हा एवढाच, की या देशात राहायचे कागद त्याच्याजवळ नव्हते. त्याची बायको शिवणकाम करायची; तिच्या कागदांची मुदत अजून संपली नव्हती. ती मागच्या बाकावर त्याचा स्वेटर मांडीवर घेऊन बसली होती. तेवढा घालायचीसुद्धा सवड त्याला कुणी दिली नव्हती.

"आमच्या साहेबांचा काय संबंध?" ताईंनी विचारलं.

अधिकाऱ्याला वाटलं, बाई थट्टा करताहेत. त्याने आपल्या कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. रंगाऱ्याचा फोटो, खाली घराचा पत्ता, आणि कोपऱ्यात ताईंच्या नवऱ्याच्या कंपनीचं नाव.

ताई संतापाने तशाच गाडी घेऊन नवऱ्याच्या कंपनीकडे निघाल्या. दोघं या शहरात नवी आली, तेव्हा नवरा घरोघर पार्सलं पोचवायचा. गल्ल्या सगळ्या सारख्या, भाषा धड येत नाही, चुकीचं दार वाजवलं की लोक शिव्या घालायचे. त्या वैतागातून त्याने एक प्रोग्राम लिहायला घेतला. इकडची तिकडची माहिती गोळा करून माणसाचं नेमकं दार शोधून देणारा. ताई शेजारी बसून पत्ते टाइप करायच्या. प्रोग्राम चालला, मग धावायलाच लागला. एका खोलीची कंपनी झाली, कंपनीची इमारत झाली. तेव्हा ताईंनी हट्ट धरला, की आपण खाल्लेल्या खस्ता नव्याने येणाऱ्यांना खायला लागू नयेत. संस्था निघाली. भाषेचे वर्ग, औषधं, वकील, सगळं फुकट. नवऱ्याने हात कधी आखडता घेतला नाही. ताई स्वतः घरोघरी जायच्या, जमिनीवर मांडी घालून बसायच्या, "मला सांगायला काय घाबरता?" म्हणायच्या. आणि माणसं सांगायची.

केबिनमध्ये फोटोग्राफर नवऱ्याचा टाय सरळ करत होता. संध्याकाळी त्याच्या दानशूरपणाचा मोठा सत्कार होता.

"तुम्ही जरा बाहेर थांबा," ताई म्हणाल्या. तो आवाज ऐकून फोटोग्राफर कॅमेरा तिथेच टाकून गेला.

"सरकारला माणसं पकडायला प्रोग्राम विकलात?"

"विकला नाही, वापरायला दिलाय," नवरा म्हणाला. "आणि हळू बोल."

"आपण कोण होतो, विसरलात?"

"काही विसरलेलो नाही. आपल्याकडे कागद होते. मी नसता दिला, तर दुसऱ्या कुणी दिला असता. आणि तुझी संस्था काय हवेवर चालते? याच कंत्राटावर चालते."

"म्हणजे तुम्ही पकडून द्यायचं आणि मी सोडवायला धावायचं?"

"कुणीतरी सोडवतंय, हे काय कमी आहे?"

ताईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्या काहीतरी जहरी बोलणार होत्या, पण मधेच थांबल्या.

"ही माणसं पत्ता कुणालाच सांगत नाहीत," त्या सावकाश म्हणाल्या. "दवाखान्यातसुद्धा खोटा सांगतात. तुमच्या प्रोग्रामला खरा कुठून कळला?"

नवरा खिडकीबाहेर बघू लागला.

"बोला ना!"

"संस्थेचे कॉम्प्युटर कंपनीनेच दिलेत," तो म्हणाला. "सगळी माहिती एकाच जागी साठते. मी मुद्दाम नाही केलं गं. मला कळलं, तेव्हा कंत्राट होऊन गेलं होतं."

संसारात त्यांची भांडणं काय कमी झाली होती? पण ताईंनी नवऱ्याला कधी एकेरीत हाक मारली नव्हती.

"तुला कळलं होतं," त्या म्हणाल्या. "कळल्यावरही तू मला त्यांच्या घरी जाऊ दिलंस. रोज. डबा हातात देऊन!"

"पुसून टाकायला सांगतो. आत्ता, तुझ्यासमोर."

"सरकारकडे गेलेलं पुसता येईल?"

"निदान संध्याकाळी तरी ये," तो पुटपुटला. "लोक विचारतील."

"सांग त्यांना, बायको दारोदार फिरतेय म्हणून. लोकांना घरं सोडून पळा म्हणून सांगतेय."

त्यांनी दार इतक्या जोरात आपटलं, की बाहेर बसलेला फोटोग्राफर उठून उभा राहिला.

ताई आधी कचेरीत परतल्या. शिवणकामवाली अजून त्याच बाकावर होती. ताईंना पाहताच ती सरकली आणि तिने त्यांना जागा करून दिली. तिचे डोळे कोरडे होते.

"त्यांना आज सोडत नाहीत म्हणे. वकील उद्या पुन्हा येणार आहेत," ती म्हणाली. "पण मी त्या घरात आता पाऊल टाकणार नाही, ताई. कुणीतरी दगा दिलाय. कोण ते कळू दे, त्याचा गळाच धरते. मैत्रिणीने दुसरी खोली बघून दिलीय."

तिने आजूबाजूला पाहिलं आणि ती ताईंच्या कानाशी वाकली.

"नवा पत्ता फक्त तुम्हाला सांगते—"

ताईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला.

"मला सांगू नका," त्या म्हणाल्या. "जुना माझ्याकडूनच गेला."