पोटऱ्यांची साक्ष

डॉक्टर गोंडवेंनी पाकीट टेबलावर ठेवलं, पण फोडलं नाही. “आधी फुंका,” म्हणाले.

फालेसीनं नळी तोंडात धरून जोरात फुंकली. काटा सरकत सरकत अशा जागी गेला, की डॉक्टरांनी चष्मा वर करून पुन्हा पाहिलं.

“सहा महिन्यांपूर्वी याच्या निम्म्यालाही जात नव्हता, मायी.”

“पंपाची कृपा,” ती म्हणाली. दुसरं काही असणं शक्यच नव्हतं.

सरोवराकाठच्या या दवाखान्यात दम्याच्या साठ बायकांना सहा महिने स्टिरॉइडचा पंप मिळाला होता आणि सोबत रोज एक गोळी. अर्ध्या जणींची गोळी कोलेस्टेरॉल उतरवणारी. तिनं छातीच्या आतली सूजही ओसरते का, ते बघायचं होतं. उरलेल्यांची नुसती पिठाची. कुणाला कुठली, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. ते आज कळणार होतं.

“आपल्या अंगात कुठली आलीय चरबी?” तामंदानी पहिल्याच दिवशी म्हणाली होती. “उसिपा खाऊन?”

उसिपा म्हणजे बोटभर मासळी. दोघी शेजारणी ती धुरावर वाळवून विकायच्या. तामंदानी पंचविशीची, पाठीवर एक पोर, घरी आणखी दोन. फालेसीची मुलं मोठी होऊन केव्हाच जोहान्सबर्गला गेलेली.

सिस्टरनं बजावलं होतं, खऱ्या गोळीनं कुणाकुणाच्या पोटऱ्या दुखतात, दुखल्या तर लगेच सांगा. बायकांनी त्यातून आपल्याला हवं ते उचललं. पोटऱ्या दुखल्या की गोळी खरी. दवाखान्याच्या ओट्यावर सगळ्या जणी एकमेकींच्या पोटऱ्या चाचपून बघू लागल्या. ज्यांच्या दुखत, त्या सिस्टरसमोर तोंड मिटून बसत. बोललं तर गोळी बंद व्हायची.

फालेसीच्या पोटऱ्या दुसऱ्याच आठवड्यात भरून आल्या. तामंदानीच्या ढिम्म.

“मजा आहे तुझी, मावशी,” तामंदानी म्हणाली. “माझ्या वाट्याला मक्याचं पीठ. निदान सोबत कालवण तरी द्यायचं.”

ती हसली आणि हसता हसता तिला धाप लागली. फालेसीला ते बघवलं नाही.

दवाखान्यातून परतताना तामंदानीच्या पाठीवर पोर असायचं, म्हणून दोघींच्या बाटल्या फालेसीच्या टोपलीत. ओढ्यावर तामंदानी पोराला धुवायला थांबे, तेवढ्यात फालेसी आपल्या गोळ्या तिच्या बाटलीत आणि तिच्या आपल्या बाटलीत करी. गोळ्या एकसारख्या, बाटल्यांवर आकडे तेवढे वेगळे. दर महिन्याला तिनं हेच केलं आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. कळलं असतं तर तामंदानीनं त्या घेतल्याच नसत्या. गोळ्या बदलल्यावरही फालेसीच्या पोटऱ्या ठणकतच राहिल्या. भिनलेलं औषध इतक्यात थोडंच उतरतं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

पाचव्या महिन्यात म्वेराचा गार वारा सुटला. मासळीचा धूर घराघरांत कोंडला. तिसऱ्या दिवशी सकाळी तामंदानी गेली. पंप हातातच होता.

फालेसी इतकी रडली, की परगावचे लोक तिलाच आई समजले. खरी आई, एस्तेले, कोपऱ्यात बसली होती. माती झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, “माझ्या पोरीला खरं औषध मिळालं होतं ना गं?”

“मिळालं होतं. कागद आला की तुला नक्की सांगते.”

आज तेवढ्यासाठी म्हातारी दोन गावं ओलांडून आली होती आणि बाहेर आंब्याखाली बसली होती.

फालेसीलाही याहून जास्त काही नको होतं. तामंदानी वाचली नाही, ते आपल्या हातात नव्हतं. पण हातात होतं ते आपण दिलं, हे एकदा कागदावरून ऐकायचं आणि बाहेर जाऊन सांगायचं. त्या एका गोष्टीवर तिला पुढचे दिवस काढता आले असते.

“फोडा आता,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी कागदावर बोट फिरवलं आणि त्यांना हसू आलं. “कमाल आहे, मायी. तुमच्या नावावर पिठाची गोळी. आणि छाती सुधारली ती साठ जणींत सगळ्यांत जास्त तुमचीच.”

फालेसीनं कागदावर बोट ठेवलं. “तामंदानीची कुठली होती? तिची आई विचारतेय.”

डॉक्टरांचं हसू मावळलं. “तिची खरी होती. पहिल्या दिवसापासून.”

“काय म्हणतात गं डॉक्टर?” एस्तेलेनं बाहेरून विचारलं.

उत्तर द्यायला फालेसीनं श्वास घेतला. तो कुठंही न अडता थेट तळापर्यंत गेला.