पानाशी अडलेलं आख्यान

"द्रौपदीची थाळी रिकामी, कडेला एकच पान चिकटलेलं... आई, पुढं काय गं?"

मुक्ताबाईंनी स्वयंपाकघरातून मेथी निवडता निवडता पुढची साकी म्हटली. चारही ओळी, सुरात.

"रोज त्या पानाशीच कशी अडतेस गं?"

कळंबोलीच्या त्यांच्या सोसायटीतल्या देवळात वर्धापनदिनाचं कीर्तन वीस वर्षं दत्तूबुवांचंच असे. यंदा घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज गेला. ते पाटीवर लिहून बोलू लागले. मागे उभं राहून टाळ धरणाऱ्या त्यांच्या बायकोनं, मुक्ताबाईंनी तर गुणगुणणंही सोडलं. घर कसं मुकं झालं होतं.

सेक्रेटरी अरविंदकाका म्हणाले, "यंदा स्पीकरवर भजनं लावू."

"कीर्तन आमच्याच घरचं होणार, काका. टेन्शन नका घेऊ," त्यांची अकरावीतली लेक तेजश्री म्हणाली.

मग रोज संध्याकाळी तालीम. तेजश्री अडायची, आई सांगायची. दत्तूबुवांनी पाटीवर लिहिलं, 'डोकं आहे की चाळणी?'

"बाबा, पुसा ते!" तेजश्री हसली. "आई, तू एकदा सगळंच म्हणून दाखव ना. उभी राहून. हातवारे जमत नाहीत मला."

"परीक्षा तुझी की माझी?" म्हणत मुक्ताबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. असं आठ दिवस चाललं.

वर्धापनदिनाला मंडप भरला. अरविंदकाका हार घेऊन तेजश्रीला शोधत होते. ती पेटीपुढे बसली होती.

"घसा बसलाय, काका," ती कुजबुजली. "आईला सगळं येतं."

"कार्टे!" मुक्ताबाई एवढंच म्हणाल्या. तोवर दत्तूबुवांनी आपलं उपरणं त्यांच्या खांद्यावर टाकलं होतं. नारदाच्या गादीवर उभं राहील त्याला नमस्कार करायचा, ही रीत. बुवा वाकले.

मुक्ताबाईंचा पहिला सूर जरा कापला, दुसरा लागला. मंडप डोलू लागला. द्रौपदीनं थाळी पुढं केली, पान दिसलं, आणि मुक्ताबाईंची नजर समोर बसलेल्या नवऱ्याच्या भिजलेल्या डोळ्यांवर गेली.

शब्दच हरवले.

पेटीचा सूर न सोडता तेजश्रीनं खणखणीत आवाजात साकी उचलून दिली. चारही ओळी, एकही शब्द न चुकता.