सुनेची चमकी

"हळद-तेल काही लावायचं नाही." वैभवीनं सासूच्या हातातली वाटी काढून घेतली आणि ओट्यावर नेऊन ठेवली. "उकळून कोमट केलेलं मिठाचं पाणी, सकाळ-संध्याकाळ. बाकी नाकाला कोणी हात लावायचा नाही. माझ्या वेळी त्या हळदीनं नुसती आग पडली होती."

एरवी इंदिराबाईंनी ती वाटी परत ओढून घेतली असती, पण समोर सोफ्यावर होणाऱ्या विहीणबाई होत्या. शैलजाताई. रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःचा कारखाना, अंगावर मोजकंच पण अस्सल सोनं. लग्नात प्रणोतीला चापाची नथ चालणार नाही, असं त्यांनीच बजावलं होतं. म्हणून आज लेकीचं नाक टोचायला शहरातल्याच गोरखपूर बाजारातली पार्लरवाली श्रद्धा घरी आली होती. खोव्याची जिलबीही आली होती. प्रणोती खुर्चीत डोळे घट्ट मिटून बसली होती आणि वहिनीचा हात सोडत नव्हती.

"वहिनी, तुझ्यासारखं तर नाही ना होणार?"

"तिच्यासारखं काहून होईन?" इंदिराबाई विहिणीकडे पाहून हसल्या. "तिचं नाक पिकलं ते तिच्याच हातानं. सारखी चमकी फिरवत राहायची, हात धुवायचा पत्ता नाही. मी तर चांगली सोन्याची दिली होती, सगळ्यांसमोर. पण सोनं अंगी लागायला नशीबही लागते ना."

हे पालुपद वैभवीनं साऱ्या सोयऱ्याधायऱ्यांत ऐकलं होतं. डाव्या नाकपुडीवर डाळीएवढा काळा डाग अजून होता. नाक पिकलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पू काढला, चमकी चिमट्यानं उजेडात धरली आणि म्हणाल्या, हे सोनं नाहीच, या धातूनंच नाक चिघळलंय. सासू ती सराफ्यातून एकटीच जाऊन घेऊन आली होती. वैभवीनं घरात चकार शब्द काढला नाही. काढला असता तर तीच खोटी ठरली असती. राग मात्र तिनं विरजणासारखा झाकून ठेवला होता.

श्रद्धानं हातमोजे चढवले, नाकावर पेनानं ठिपका काढला. "भाभी, पहले चमकी हाथ में दीजिए, फिर सुई. मेरी स्टील वाली डालूँ, कि घर की है? घर की हो तो असली सोना चाहिए, नहीं तो पक जाएगी."

"घरचीच आहे." वैभवीनं कपाटातून लाल डबी आणली. "आईंनी मला दिलेली. माझं छिद्र तर बुजलं. आता नणंदबाईंना शोभेल."

इंदिराबाईंच्या हातातली जिलबी हातातच राहिली.

"जुनी काहून घालून राहिली? नवीन आणू ना."

"सोनं जुनं होते का, आई?"

"अगदी बरोबर," शैलजाताई म्हणाल्या. "असं मन कुठं पाहायला मिळते आजकाल? असू द्या, विहीणबाई. शुभ असते."

"अहो, पण त्या चमकीनंच हिचं नाक..." इंदिराबाईंनी जीभ चावली.

"चमकीनं नाही, आई. माझ्या हातानं. आताच तर सांगितलं तुम्ही."

वैभवीनं डबी उघडली. पोरीशी तिचं काही वैर नव्हतं. तरीही सासू शेवटपर्यंत बोललीच नाही तर आपण हात मागं घेऊ की नाही, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. ती चमकी श्रद्धाच्या तळहाताकडे नेत राहिली, सावकाश.

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. इंदिराबाईंचं काही उघडलं नाही. श्रीमंत विहिणीसमोर कसं उघडणार! त्यांनी स्वतःच्याच नाकाला हात घातला आणि फिरकी उलटी फिरवू लागल्या. वर्षानुवर्षं बसलेली चमकी ती, निघता निघेना. डोळ्यांतून पाणी आलं, नाकपुडी लालबुंद झाली. एकदाची निघाली.

"ही घाला. माझ्या आईची आहे. लेकीला माझंच सोनं जाऊ द्या."

शैलजाताईंनी पदर डोळ्यांना लावला.

वैभवीनं ती चमकी साबणानं घासली, पाण्यात खळखळून उकळली आणि निवल्यावर श्रद्धाला दिली. सुई गेली. प्रणोती एकदाच किंचाळली, रक्ताचा थेंब आला आणि पुसला गेला. नाकात अस्सल सोनं लखलखलं. सगळ्यांनी जिलबी खाल्ली.

मग वैभवी हात स्वच्छ धुऊन सासूसमोर येऊन उभी राहिली. लाल डबीतली चमकी तिच्या तळहातावर होती.

"आई, सवाष्णीचं नाक रिकामं बरं नाही दिसत. ही घाला तुम्ही."

"राहू दे. मग पाहू."

"मग काहून?" शैलजाताई मध्येच म्हणाल्या. "सून एवढ्या प्रेमानं देऊन राहिली. घाला ना!"

इंदिराबाईंनी सुनेकडे पाहिलं. सुनेनं नजर हलवली नाही. तिनं स्वतःच चमकी त्या सुजलेल्या नाकपुडीत सारली आणि फिरकी आवळली. मग आणखी थोडी आवळली. तिला बरं वाटलं, अगदी पोटातून बरं वाटलं.

"दुखून राहिलं का, आई?"

विहीण पाहत होती. लेक पाहत होती.

"नाही गं," इंदिराबाई म्हणाल्या. "सोनं कुठं दुखते का?"